भारतीचा दुसरा कागद

हे माझ्या बायकोला माहीत नाही. ज्या मित्राबरोबर दर शनिवारी खाडीकडेनं चालायला जातो, त्यालाही नाही. सहा वर्षं झाली. एवढ्या काळात मी किती बडबडलो असेन, किती जणांना शहाणपण शिकवलं असेल – पण ही एक गोष्ट तोंडातून बाहेर पडली नाही. आता तुम्हाला सांगतोय. तुम्हालाच का? तर तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. मी काही एकाएकी शूर झालेलो नाही.

आणि आधीच सांगून ठेवतो – मला समजून घ्यायच्या भानगडीत पडू नका. हल्ली समजून घेणाऱ्यांचं नुसतं पेव फुटलंय. कुणी काही कबूल केलं की लगेच, ‘होतं रे असं, तूपण माणूसच आहेस.’ माणूस आहे म्हणूनच तर केलं. कुत्र्यानं हे केलं नसतं.

मी ऐरोलीत राहतो आणि तिथल्याच एका आयटी पार्कमध्ये नोकरी करतो. कारखान्यातल्या मशीनवर बसवायचे टच स्क्रीन आम्ही बनवतो. ऑफिसात त्याला पॅनल म्हणतात. माझं काम ड्रायव्हर लिहिण्याचं. आमच्या सोसायटीच्या वॉचमनला अजून वाटतं मी गाडी चालवतो, आणि खरं सांगायचं तर ते काम जास्त सरळ. गाडीनं माणूस उडवला तर निदान चार लोक गोळा होतात. माझा ड्रायव्हर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, बसलेला एक प्रोग्रॅम. स्क्रीनवर जे दिसतं – बटणं, आलेख, धोक्याचे लाल दिवे – त्या प्रत्येक चित्राला मेमरी लागते. ती देण्याचं काम ड्रायव्हरचं. कुणी किती घेतली, किती शिल्लक आहे, हे विचारल्यावर सांगण्याचं कामही त्याचंच.

सांगण्याचं. तिथेच तर सगळी गोम आहे. मेमरी काही कुणी उघडून बघत नाही. ड्रायव्हर सांगेल तो आकडा. वरचे सगळे त्या आकड्यावर माना डोलावतात, त्याचे रंगीत आलेख काढतात, गिऱ्हाइकाला दाखवतात. आणि काय सांगायचं हे ड्रायव्हरला कोण शिकवतं? मी.

माझ्या आकड्यांचे तीन रकाने होते. एकूण किती मेमरी घेतली. त्यातली दोन-तीन प्रोग्रॅममध्ये सामायिक किती. आणि तिसरा – परत घेता येण्याजोगी किती. या तिसऱ्याचा अर्थ अगदी घरगुती आहे. फ्रिजमध्ये शिळा भात पडलाय, जागा लागली तर काढून टाकू, म्हणून तेवढी जागा रिकामीच धरा. धरायला हरकत काहीच नाही. फक्त भात काढून टाकणारं घरात कुणीतरी असायला हवं.

दर गुरुवारी आमच्याकडे मीटिंग असायची. भिंतीवर आलेख, आलेखात एक आडवी रेघ. वापर रेघेखाली असला की हिरवा, वर गेला की लाल. आमचा मॅनेजर निखिल. त्याला मेमरी म्हणजे काय विचारलं असतं तर त्यानं लग्नाचा अल्बम काढून दाखवला असता; पण हिरवा आणि लाल त्याला अचूक कळायचा. एका गुरुवारी गिऱ्हाईक स्वतः येणार होतं आणि आलेख लालभडक होता. जुनी, वापरात नसलेली चित्रं माझा ड्रायव्हर धरून बसत होता. ती परत घेणारं फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅमचा तेवढा तुकडा, मी लिहायला हवं होतं. ते तेव्हा रिकामं होतं – कुणी हाक मारली की ‘शून्य’ म्हणायचं आणि गप्प बसायचं.

मी काय केलं? फंक्शन लिहिलं नाही. एक ओळ लिहिली. काही सेकंद कुणी हात न लावलेलं प्रत्येक चित्र तिसऱ्या रकान्यात टाकलं: परत घेता येण्याजोगं. आलेख वापराच्या आकड्यातून तो रकाना वजा करायचा, त्यामुळे एका झटक्यात हिरवा झाला. फ्रिज ठासून भरलेला, यादीत रिकामा. निखिलनं माझ्या पाठीवर थाप मारली, “बॉस, एक नंबर!” गिऱ्हाइकानं समोसे खाल्ले. फंक्शन पुढच्या आठवड्यात लिहायचं ठरलं होतं, ते राहून गेलं. राहून गेलं कसलं – मी लिहिलं नाही.

तुम्हाला वाटलं असेल, हाच तो गुन्हा. छे! एवढ्याशा गोष्टीसाठी मी तुमचा वेळ घेतला नसता. असल्या लबाड्या आमच्या धंद्यात चहाइतक्या होतात, आणि चहासारख्याच पचतात. मी अजून आजूबाजूलाच फिरतोय हे माझ्याही लक्षात येतंय. भारतीचं नाव काढायला जीभ रेटत नाहीये, दुसरं काय?

भारती दिवाळ्याची. बेलापूरच्या खाडीवरचं ते कोळ्यांचं गाव – वडील होडीवर, आई बाजारात टोपली घेऊन बसणारी. तिनं इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता आणि आमच्याकडे ती कॉन्ट्रॅक्टवर टेस्टर होती. दीड वर्ष झालं होतं. त्या मार्चमध्ये तिला परमनंट करायचं की नाही ते ठरणार होतं. तिला त्यापलीकडे काही दिसत नव्हतं. “सर, परमनंट झाले ना, की सगळ्यांनी दिवाळ्याला जेवायला यायचं. आई बनवेल,” असं ती आम्हाला महिन्यातून एकदा तरी म्हणायची. आम्ही ‘हो हो’ म्हणायचो. जाणार कोणीच नव्हतं.

कारण आम्ही टेस्टर लोकांना माणसात धरत नव्हतो. आम्ही म्हणजे मी – मागे लपायला ‘आम्ही’ बरं पडतं. मी कर्नलवाला. माझ्या लेखी सगळं जग दोन प्रकारच्या माणसांचं होतं: ज्यांना आत काय चाललंय ते कळतं, आणि जे बाहेरून बटणं दाबतात. भारती बटणं दाबणारी. ती ‘आमाला’ म्हणायची, गडबडीत ‘हाय’ म्हणायची, आणि मी तिच्यादेखत हसायचो. तिनं डबा उघडला की मी माझा उचलून पलीकडच्या टेबलावर जायचो. हॉस्टेलात असताना माझा डबा बघून कोण कोण उठून गेलं होतं हे मला अजून नावानिशी आठवतं. त्या गोष्टीबद्दल इथे जास्त बोलत नाही, कारण बोललो की तिची सबब होईल.

मग पावण्याहून तक्रार आली. पावण्याच्या एमआयडीसीत पॅकिंगचा एक कारखाना होता, तिथे आमची पॅनल बसली होती. तिसऱ्या दिवशी स्क्रीन गोठायचा. पुन्हा चालू केला की तीन दिवस ठीक, मग परत तेच. आणि गंमत बघा – गोठायच्या क्षणापर्यंत आकडा सांगत होता की निम्म्याहून जास्त मेमरी मोकळी आहे. माझा आकडा. मला पहिल्याच फोनला कळलं काय झालंय ते. तुम्हालाही कळलं असेल.

मी गप्प बसलो. तपासायला भारतीला पाठवलं.

कारखान्यात आत मोबाईल न्यायला बंदी, लॅपटॉपलाही बंदी. भारती रेघी कागदाचं पॅड आणि पेन घेऊन मशीनशेजारी स्टुलावर बसायची आणि दर तासाला पॅनलवरचे आकडे उतरवायची. एकेका प्रोग्रॅमचे, तिन्ही रकान्यांचे. तीन दिवस. आमच्यातला एकही शहाणा हे करायला गेला नसता. आम्ही एसीत बसून अंदाज बांधले असते.

पहिल्या फेरीत तिनं चूक केली. नवखे सगळे करतात ती चूक – सामायिक मेमरी दोनदा मोजली. एका घरात दोन भाऊ, टीव्ही एक. दोघांनीही यादीत आपापला टीव्ही लिहिला तर घरात दोन टीव्ही होत नाहीत. पण तिच्या बेरजेत झाले, आणि पॅनलमध्ये मुळात जेवढी मेमरी होती त्याच्यापेक्षा बेरीज जास्त आली. तिनं तो तक्ता टाईप करून सगळ्यांना मेल केला. दिवसभर ऑफिसात हसं झालं. मीच तिला बोलावून चूक दाखवली. अगदी गोड आवाजात दाखवली – माणूस स्वतःच्या हुशारीवर खूष असला की आवाज आपोआप गोड होतो.

ती रडली-बिडली नाही. परत पावण्याला गेली, परत तीन दिवस स्टुलावर बसली. बुधवारी संध्याकाळी ऑफिस सुटायच्या सुमारास माझ्या टेबलाशी आली आणि हातानं लिहिलेला एक कागद समोर ठेवला. या खेपेला सामायिक रकाना एकदाच धरला होता. बेरीज बिनचूक होती. आणि तिसऱ्या रकान्याखाली तिनं लाल पेननं रेघ ओढली होती.

“सर, हे बगा ना. परत घेता येण्याजोगी असं लिवलंय, पन तीन दिवसांत एकदा पन परत घेतलेली नाय. नुसती वाढतेच हाय. गोठेपर्यंत.” मग थोडी थांबून म्हणाली, “तुमचा कोड हाय म्हनून आदी तुमाला दाखवते. उद्या मीटिंगमदी एकदम नको.”

एवढं सोपं होतं ते. माझ्याकडे चाचण्यांची सगळी साधनं होती, डिग्री होती, पंधरा वर्षांचा अनुभव होता. तिच्याकडे एक प्रश्न होता – परत घेता येते म्हणता, तर मग कधी परत घेतली का? तिच्या आईनं शिकवलेला असणार. टोपली रिकामी आहे असं कुणी सांगितलं तर कोळीण आधी टोपलीत हात घालून बघते.

मी कागद बघितला. पूर्ण बघितला, वरपासून खालपर्यंत. म्हणालो, “ठेव इथे. बघतो मी.” ती गेली. मी कागदाची घडी घातली आणि बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवली.

गुरुवारच्या मीटिंगला निखिल होता, गिऱ्हाइकाची दोन माणसं होती, भारती होती. तिला बोलायला सांगितलं. ती उभी राहून म्हणाली, पॅनलवर दिसतो तो आकडा चुकीचा आहे. खोलीत सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि मी – मला वाटतं मी खुर्चीत थोडा मागे रेललो – म्हणालो, “हा आकडा कर्नलमधून येतो. कर्नल खोटं बोलत नाही.” हे मी म्हणालो. कर्नलला खोटं बोलायला शिकवलं कोणी, तर मी; आणि वर त्याच्या नावानं शपथा वाहतोय मी.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी भागलं असतं. पण मी तिचा पहिला तक्ता, मेलमधला, भिंतीवर लावला. बेरजेवर बोट ठेवून म्हणालो, “यांच्या हिशेबानं पॅनलमध्ये जेवढी मेमरी नाही तेवढी वापरली जातेय.” लोक हसले. गिऱ्हाइकाचा माणूस जरा जास्तच हसला. तिनं इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, “सर, तो जुना... दुसरा कागद काल तुम्हाला दिला होता ना?”

आणि मी म्हणालो, “कुठला कागद?”

झालं. हे सांगायचं होतं. दोन शब्द आहेत. बॅग माझ्या पायाशी होती, कागद बॅगेत होता. ‘बघायचा राहिला’ म्हणता आलं असतं, ‘नंतर बोलू’ म्हणता आलं असतं. घाबरलो होतो का? हो, घाबरलो होतोच. पण नुसत्या भीतीनं एवढं नीट जमत नाही. मला राग आला होता – मला, कर्नलवाल्याला, माशाच्या टोपलीशेजारी वाढलेल्या पोरीनं रेघी कागदावर पकडलं होतं. तिचं बरोबर निघावं हे मला सहन होत नव्हतं. त्या भावनेला तिरस्कार म्हणतात, आणि तो मी बरोबर माणसाकडे वळवायला हवा होता.

ती माझ्याकडे बघत राहिली – दोन-तीन सेकंद असतील. माझ्या ड्रायव्हरच्या भाषेत म्हणायचं तर, हात न लावलेली; म्हणजेच, काढून टाकता येण्याजोगी. मग खाली बसली.

मार्चमध्ये तिला परमनंट केलं नाही. कॉन्ट्रॅक्टही वाढवलं नाही. कारण लिहिलं होतं: मोजमापात अचूकता नाही. निखिलनं माझं मत विचारलं होतं. मी खांदे उडवले. शेवटच्या दिवशी तिनं सगळ्यांच्या टेबलावर एकेक पेढा ठेवला. माझ्याही. मी तो खाल्ला.

त्यानंतरच्या आठवड्यात मी ते फंक्शन लिहिलं. किती वेळ लागला असेल? दोन दुपारी. पावण्याची पॅनल गोठायची थांबली. बदलाच्या नोंदीत मी लिहिलं: ‘किरकोळ साफसफाई’. वर्षअखेरीस मला काचेची एक चकती मिळाली, तिच्यावर माझं नाव कोरलंय. बायकोनं ती शोकेसमध्ये ठेवलीय, आणि पाहुणे आले की पुसते.

इथे संपलं असतं तर कदाचित मी तुम्हाला सांगितलंही नसतं. पचलं होतं हो. माणसाला काहीही पचतं. पण गेल्या महिन्यात, एका रविवारी, मासळी आणायला दिवाळ्याला गेलो. का गेलो? ऐरोलीत मासे मिळत नाहीत का? ताजे मिळतात म्हणून गेलो, असं मी घरी सांगितलं.

तिथे ती होती. आईशेजारी पाटावर बसलेली. तिनंच मला ओळखलं, “अरे, सर!” आणि उठून उभी राहिली. आईला म्हणाली, “आये, हे आमचे हापिसातले सर. मोठे इंजिनीअर हायेत.” तिच्या आईनं मला हात जोडले. त्या बाईनं मला हात जोडले, आणि मी तो नमस्कार घेतला.

भारती आता बेलापूरच्या एका शाळेच्या ऑफिसात आहे, दाखले-बिखले टाईप करते. रविवारी आईला मदत. परत टेस्टिंगला का गेली नाहीस, असं मी विचारलं. बघा, तोंड वर करून विचारलंसुद्धा. ती हसली. म्हणाली, “नाय सर. मोजायचं काम आपलं नाय, ते तेव्हाच कळलं.” मग जरा जवळ येऊन, आईला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, “सर, एक बोलू? त्या दिवशी मला आदी लय राग आलता. मग घरी येऊन इचार केला. तुमी कागद बघितला असनार, दुसरा पन चुकलेला असनार. चारचौघांत माझी आनखी लाज जाऊ नये म्हनून तुमी कागदाचं नाव काढलं नाय. बरोबर ना?”

सहा वर्षं ती हे धरून बसली होती. माझ्या लबाडीवर तिनं स्वतःच्या हातानं चांगुलपणाचं पांघरूण घातलं होतं, आणि आता ते नीट बसलंय ना एवढंच मला विचारत होती.

आजूबाजूला गर्दी नव्हती. निखिल नव्हता, गिऱ्हाईक नव्हतं, नोकरी जायची भीती नव्हती. फार तर एका बाईसमोर मान खाली गेली असती. एक शब्द पुरला असता – नाही.

मी म्हणालो, “हो.”

“तरीच,” ती म्हणाली. आणि तिचा चेहरा मोकळा झाला. मोकळा! “थँक्यू सर,” असंही म्हणाली.

तर हे असं आहे. तिचा दुसरा कागद बरोबर होता. एकूण एक आकडा बरोबर होता. खोटा मी होतो, बुधवारी, गुरुवारी आणि त्या रविवारीही. मला कुणाची माफी नको आहे, मागायला तोंडही नाही. तुम्ही ऐकलंत, एवढंच.

मी बोंबील मागितले होते. भारतीनं ते एकेक करून माझ्या पिशवीत टाकले, ओठातल्या ओठात मोजत. चोवीस. मग थांबली, पिशवीत डोकावली आणि पिशवी आईपुढे सरकवली. “आये, तू मोज एकदा. माझं चुकतं.”

आईनं सगळे बाहेर काढले आणि परत मोजले. चोवीसच होते.